रांगेतला सतरावा

घोट्याला पट्टी बांधून घेताना पुरुष खरं बोलतो. पाय माझ्या हातात, टेप अर्धी गुंडाळलेली, उठून पळायची सोय नाही. मग तो बायको सोडून गेल्याचं सांगतो, बॉसशी भांडल्याचं सांगतो आणि सगळ्यात शेवटी, अगदी नाइलाजानं, घोटा नेमका कुठे दुखतो ते सांगतो. मी फिजिओथेरपिस्ट. मुंबईत शिकले, लंडनच्या एका सरकारी हॉस्पिटलात सगळी नोकरी केली आणि आता रिटायर होऊन स्वतःच्या गुडघ्याला तेच व्यायाम सांगते जे आयुष्यभर लोकांना सांगत आले. करत मात्र नाही. त्या बाबतीत मी माझ्या पेशंटांसारखीच निघाले.

पुण्याच्या नातेवाइकांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. "म्हणजे मालीशच ना गं?" असं माझी नणंद दर भेटीत विचारायची. आधी मी समजावून सांगायचे, मग कंटाळून "हो, मालीशच" म्हणायला लागले. खरं तर आमच्या धंद्यात हात कमी आणि तोंड जास्त चालतं. हाड सर्जन बसवतो, गोळी डॉक्टर देतो. आम्ही फक्त माणसाच्या मागे लागतो. "रोज करता ना?" "करतो." "दाखवा बरं करून." आणि मग जे काही दिसतं त्यावरून कळतं की गेल्या भेटीनंतर हा गृहस्थ आजच पहिल्यांदा पाय उचलतोय.

म्हणूनच नेव्हिल आला तेव्हा मला संशय आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, पन्नाशीचा, रापलेल्या चेहऱ्याचा ऑस्ट्रेलियन. सांगितलेले व्यायाम तो खरंच करत होता. असा पेशंट आमच्याकडे दुर्मिळ. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. तो एका फुटबॉल क्लबचा कोच होता. लंडनमध्ये दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर आलेली ऑस्ट्रेलियन पोरं, म्हणजे कुणी कौलं बसवणारा, कुणी शाळामास्तर, कुणी पबमधला, शनिवारी जमून आपला देशी फुटबॉल खेळत. क्लबचं नाव 'एमू'. ते सतत मोडत होते आणि नेव्हिलला मोडलेलं बघणारं कुणीतरी हवं होतं.

"डॉक, शनिवारी मोकळी असतेस का?"

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं. हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी सोडून दिलं.

"जेवण आमच्याकडे. सॉसेज."

"मी शाकाहारी आहे."

त्यानं गंभीरपणे विचार केला. "मग पावात नुसता परतलेला कांदा देऊ." या करारावर मी तिथे कित्येक उन्हाळे काढले.

हा खेळ म्हणजे काय, हे मराठी माणसाला एका दमात सांगायचं तर मैदान क्रिकेटचं, बॉल रग्बीचा आणि एकंदर नूर बघता माणसं कुस्तीची. बॉल लाथेनं मारायचा किंवा मुठीनं ठोसून पुढे द्यायचा. हातानं फेकला की गुन्हा. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून मारला तर सहा गुण. मधला खांब चुकून बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. म्हणजे नेम चुकला, पण अगदीच चुकला नाही, तर हातावर काहीतरी ठेवतात. हे मला फार आवडलं. आमच्या गणिताच्या बाईंच्या मनात असली दया कधी आली नाही.

पहिल्याच शनिवारी माझी फजिती झाली. आमचा एक गडी मांडी धरून आडवा झाला आणि मी बॅग घेऊन सीमारेषेवर शिस्तीत उभी. अंपायर खेळ थांबवेल, मला बोलावेल, मग मी जाईन. आपल्याला क्रिकेटची सवय. खेळ काही थांबेना. बॉल इकडून तिकडे, माणसं त्या पडलेल्या गड्याला वळसा घालून पळताहेत, आणि मी बस चुकल्यासारखी उभीच. नेव्हिल ओरडला, "डॉक, कशाची वाट बघतेस?" तेव्हा कळलं, की या खेळात कुणी पडलं म्हणून काही थांबत नाही. फिजिओनं चालू खेळात घुसायचं. पाणी देणाऱ्यांनीही घुसायचं. मी डोक्यावर बॅग धरून पन्नाशीच्या उंबरठ्यावर जी धावले, ती बघून आमचे श्रीधरराव म्हणाले, "लग्नात वरमाला घालायला एवढ्या वेगानं आली नव्हतीस."

श्रीधरराव म्हणजे आमचे कुटुंबप्रमुख. घडीची खुर्ची, थर्मास आणि नवा डिजिटल कॅमेरा घेऊन ते दर शनिवारी यायचे आणि खेळातलं ओ की ठो कळत नसताना सगळ्यांना सल्ले द्यायचे. त्यांच्या या स्वभावामुळे एक मोठा प्रसंग ओढवला. तोच सांगायचा आहे. पण त्याआधी प्रफुल्ल.

प्रफुल्ल बोरकर नागपूरचा. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात वर्क व्हिसावर आलेला, चष्म्याला मागून इलॅस्टिक लावणारा, काटकुळा मुलगा. ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियनानं त्याला एकदा ओढून आणलं आणि हा राहिलाच. माझं आडनाव ऐकून पहिल्या दिवशी "काकू" म्हणाला. मी त्याच्या घोट्याची टेप थोडी जास्त आवळली. तेव्हापासून "ताई".

शाळेत तो खो-खो खेळलेला होता. धावायचा असा की बघत राहावं. भरधाव जाताना एका पायावर गर्रकन वळायचा आणि आमचे सहा-सहा फुटी गडी मोकळ्या हवेला मिठी मारून पडायचे. अडचण एकच होती, बॉल. तो लांबुळका बॉल जमिनीवर पडला की कुठे उडेल ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं, आणि प्रफुल्लच्या पायाला लागला की मुळीच ठाऊक नसायचं. एकदा त्यानं पुढे मारलेला बॉल त्याच्याच मागे उभ्या असलेल्या नेव्हिलच्या चहात पडला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हे कसं झालं ते अजून मला कळलेलं नाही.

त्यामुळे साखळी सामन्यांत नेव्हिल त्याला शेवटच्या पाव भागात आत सोडायचा, तेही आपण पुढे असलो तर. बाकी वेळ प्रफुल्ल पाणी द्यायचा. अंगात पाणीवाला ओळखू यावा म्हणून कपड्यांवरून चढवायची फ्लोरोसंट हिरवी बिब, दोन्ही हातांत बाटल्या, आणि मैदानभर त्याचं ते सुंदर धावणं. त्या बिबच्या आत मात्र तो कायम क्लबचा पिवळा जम्पर घालायचा. जम्पर म्हणजे बिनबाह्यांचा बनियन, पण ऑस्ट्रेलियन लोक त्याला जम्पर म्हणतात आणि नव्या गड्याला तो सगळ्यांसमोर समारंभानं देतात. प्रफुल्लला दिला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि पंचवीस दणकट पुरुष एकदम गप्प झाले होते.

मी सांगते आहे ते साल दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरचं. त्या उन्हाळ्यात एमू चक्क दुसऱ्या नंबरावर आले आणि फायनल्स सुरू झाल्या. यांची फायनल एका दिवसात उरकत नाही, मालिकाच असते. पहिले चार संघ आत. त्यातल्या वरच्या दोघांना एकदा हरायची मुभा. म्हणजे पहिला आणि दुसरा आपसांत खेळतात. जिंकेल तो थेट ग्रँड फायनलला, हरेल त्याला खालून वर आलेल्याशी खेळून पुन्हा एकदा संधी. आमच्या घरी हा नियम मी फार वर्षांपासून लागू केलेला आहे, श्रीधररावांना विचारा.

पण या मालिकेला एक अट असते. ज्यानं त्या मोसमात ठरावीक साखळी सामने खेळले असतील, तोच फायनल्समध्ये खेळू शकतो. नाहीतर लोक मेलबर्नहून एखादा पैलवान विमानानं आणून उभा करतील. प्रफुल्लला एक सामना कमी पडला. एकच. त्या शनिवारी तो जम्पर घालून घरातून निघालेला होता आणि वाटेत ऑफिसचा फोन आला, सिस्टिम बंद पडली आहे. दिवसभर तो जम्परमध्येच कॉम्प्युटरसमोर बसून होता.

"फोन उचललाच कशाला?" मी रागानं विचारलं.

"ताई, प्रॉडक्शन डाउन होतं. असं कसं नाही उचलणार बाप्पा?"

"मग पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कुठं? माझा प्रोजेक्ट संपून राहिला. महिनाअखेर नागपूर." तो बाटल्या धूत होता. मान वर न करता म्हणाला, "दोन वर्षं झाली ताई. एकदा फायनल खेळलो असतो तर इथं काय केलं ते सांगता आलं असतं. कोडिंग तर तिथंही करतोच."

घोटा असता तर बांधला असता, याच्यावर काय बांधणार?

पहिला सामना आम्ही निळ्यांशी हरलो. निळे म्हणजे उत्तर लंडनचा संघ, आमचा जुना वैरी. त्यांचा कॅप्टन डॅरन नावाचा एक सुतार होता. बोलायला मऊ, पण मैदानावर महाबिलंदर. दुसरी संधी मिळाली, तो सामना आम्ही जिंकलो, पण असे जिंकलो की हरणं परवडलं असतं. एकाचा खांदा निखळला, एकाचा मांडीचा स्नायू फाटला, आणि आमचा कॅप्टन ब्रेट, जो कौलं बसवायचं काम करायचा, त्याचं बोट बाहेर आलेलं. माझ्याकडे येईपर्यंत त्यानं ते स्वतःच ओढून जाग्यावर बसवलं होतं. "सरळ आहे ना, डॉक?" असं त्यानं भिंत ओळंब्यात आहे का विचारावं तसं विचारलं.

ग्रँड फायनलच्या आधीच्या गुरुवारी सरावाला नेव्हिलनं मोजदाद केली. एका वेळी मैदानात सोळा लागतात. धड माणसं कशीबशी तेवढीच, आणि बदली म्हणून बाकावर दोन लंगडे.

"बोरकर आहे की," कुणीतरी म्हणालं.

"त्याचे सामने भरत नाहीत."

"शेनच्या नावावर उतरवू. त्याचे सामने भरलेत आणि तो तर मेलबर्नला परत गेला, कोण बघतंय?"

सगळ्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं. मग सगळ्यांनाच एकदम शेन आठवला. साडेसहा फूट, लाल केस, चेहऱ्यावर ठिपके. आधी ब्रेट हसला, मग नेव्हिल, मग हसता हसता सगळे गवतावर लोळले. प्रफुल्लही हसला, पण त्याचे डोळे काही हसत नव्हते. "नको," तो म्हणाला. "मी खेळलो तर माझ्या नावानं खेळेन. नाहीतर पाणी देईन." पाणीच ठरलं.

फायनलचा दिवस लंडनच्या मानानं निर्लज्ज उन्हाचा होता. मी सकाळपासून टेप लावत होते. टेपचं एक गुपित सांगते. लोकांना वाटतं की ती घोट्याला धरून ठेवते. थोडीफार धरतेही, पण घामानं ती लवकरच सैल पडते. तिचं खरं काम आठवण द्यायचं. पाय वाकडा पडू लागला की कातडी ताणली जाते आणि घोट्याला आठवतं, अरे, आपल्याला लागलेलं आहे. त्या दिवशी मी इतके घोटे, बोटं आणि खांदे बांधले की आमचा संघ पार्सलानं पाठवायला ठेवल्यासारखा दिसत होता.

खेळ तुल्यबळ झाला. चार पाव भागांचा सामना, आणि तिसरा संपला तेव्हा दोन्हीकडे सारखे गुण. या सुट्टीत खेळाडू बाहेर येत नाहीत. कोच, मी, पाणीवाले, बघे, सगळेच मैदानात शिरतात आणि आपापल्या संघाभोवती कोंडाळं करतात. नेव्हिल घसा फोडून बोलत होता. मी ब्रेटचं बोट शेजारच्या बोटाला पुन्हा बांधत होते. आणि आमचे श्रीधरराव कॅमेरा घेऊन प्रफुल्लपाशी पोचले.

"अरे, टीमबरोबर तुझा एक फोटो नको का? नागपूरला दाखवायला?"

"हवा ना काका!" (त्यांना काका चालायचं.)

"मग ती हिरवी बिब काढ. तिच्यात तू रस्ते दुरुस्तीवाला दिसतोस. जम्पर दिसू दे."

प्रफुल्लनं बिब काढली, श्रीधररावांनी ती आपल्या खांद्यावर टाकली, फोटो काढला. शिट्टी झाली. सगळे पांगले. श्रीधरराव खुर्चीत येऊन बसले, ऊन लागत होतं म्हणून ती बिब डोक्यावर घेतली आणि थर्मास उघडला.

शेवटच्या पाव भागात ना ते हलत होते ना आम्ही. उन्हानं सगळे वाळले होते आणि प्रफुल्ल या टोकापासून त्या टोकापर्यंत बाटल्या घेऊन पळत होता. तो नेमका त्या माणसापाशी पोचायचा ज्याला बॉल यायच्या आधी एक घोट घ्यायची उसंत असे. मी स्वतः ब्रेटच्या मांडीला आलेला पेटका उतरवत होते, त्यामुळे त्याच्या अंगात बिब नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

डॅरनच्या आलं. त्यानं हात वर केला आणि अंपायरकडे जाऊन शांतपणे म्हणाला, "काउंट, प्लीज."

मला काही कळेना. नेव्हिलला विचारायला बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक.

"डॉक," तो पुटपुटला, "समोरच्यांचा एखादा माणूस जास्त आहे असं कॅप्टनला वाटलं तर तो मोजायला लावू शकतो. एक जरी जास्त निघाला ना, तर आपला आत्तापर्यंतचा सगळा स्कोअर पुसतात. शून्य."

"आणि जास्त नसेल तर?"

"तर उगाच मोजायला लावलं म्हणून त्यांना दंड. आपल्याला फ्री किक. पण इतकी वर्षं झाली, हे मी फक्त ऐकलेलं आहे, पाहिलं नव्हतं."

अंपायर एक इंग्लिश शाळामास्तर होते, फार नियमाचे. त्यांनी आवाज दिला, "एमूचे सगळे, मधोमध रांगेत उभे राहा."

आमचे गडी धापा टाकत मध्ये गेले आणि ओळीत उभे राहिले. आणि मग मी पाहिलं. प्रफुल्लही गेला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. टाचा जुळवलेल्या, मान ताठ, दोन्ही हात बाजूला, हातांत बाटल्या. मास्तरांनी "रांगेत उभे राहा" म्हटल्यावर जो कुणी आपल्याकडच्या शाळेत शिकला आहे तो उभा राहणारच. आपण का आहोत, कशाला आहोत, हे प्रश्न नंतरचे. त्या ठिकाणी मी असते तर मीसुद्धा हात पुढे करून अंतर घेतलं असतं.

"अरे गाढवा, बाहेर ये!" मी मराठीत ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही. शेजारी श्रीधरराव डोक्यावर हिरवी बिब घेऊन चहा पीत विचारत होते, "राष्ट्रगीत आहे का?"

"अहो, ती बिब!" मी म्हटलं. त्यांनी बिबला हात लावून पाहिला, मग रांगेकडे पाहिलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली.

अंपायरांनी बोट नाचवत मोजलं. सोळा. मग एक पाऊल पुढे टाकलं. सतरा.

निळे ओरडायला लागले. ब्रेट तावातावानं सांगू लागला की हा पाणीवाला आहे, बाटल्या दिसत नाहीत का. डॅरन म्हणाला की अंगात जम्पर आहे, पाठीवर नंबर आहे, रांगेत उभा आहे, मग खेळाडू कशाला म्हणतात? अंपायरांनी दोघांनाही हात करून गप्प केलं आणि ते प्रफुल्लसमोर जाऊन उभे राहिले. मी तोवर बॅगेचं निमित्त करून तिथवर पोचले होते, म्हणून शब्दन् शब्द मला ऐकू आला.

"यंग मॅन, तू आज एमूसाठी खेळतोयस का?"

मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की काय सांगू. दोन वर्षं हा मुलगा कुणीतरी आपल्याला हेच विचारावं म्हणून पळत होता. आणि विचारलं ते कधी, तर 'हो' म्हटलं की सगळ्यांचं सगळं बुडेल अशा वेळी. एका बाजूला सोळा जण आशेनं त्याच्या तोंडाकडे बघताहेत, दुसऱ्या बाजूला सोळा जण दुसऱ्या आशेनं. त्यानं एकदा स्वतःच्या जम्परकडे पाहिलं.

"नो सर," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. "मी खेळत नाही. मी फक्त पाणी देतो." आणि त्यानं दोन्ही बाटल्या वर करून दाखवल्या.

अंपायरांनी बाटल्यांकडे पाहिलं, सीमारेषेवर डोक्यावर बिब घेतलेल्या एका भारतीय गृहस्थांकडे पाहिलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं असावं. बिबशिवाय मैदानात आल्याबद्दल प्रफुल्लला त्यांनी मास्तरी आवाजात झापलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सोळाच. काउंट चुकीचा आहे. फ्री किक, एमूचा कॅप्टन."

दंड म्हणून किकची जागा बरीच पुढे सरकवतात, त्यामुळे ब्रेटला बॉल मिळाला तो थेट खांबांसमोर. मुलाबाळांनी मारावा इतक्या जवळून. नेव्हिलनं डोळे मिटून घेतले. ब्रेटनं चार पावलं मागे घेऊन आयुष्यातली सगळ्यात वाईट किक मारली. बॉल वाकडा गेला, मधल्या खांबाला वळसा घालून बाजूच्या फटीतून कसाबसा पलीकडे पडला. एक गुण. त्यानंतर निळ्यांनी जिवाचं रान केलं, आमच्या पार्सलांनी ते अडवलं आणि आम्ही त्या एका गुणानं ग्रँड फायनल जिंकलो.

पुढे जे होतं ते झालं. कप, बिअरची कारंजी, गाणं. या क्लबांचं एकेक गाणं असतं आणि जिंकल्यावर गळ्यात गळे घालून ते भसाड्या आवाजात म्हणायचं असतं. त्यांनी प्रफुल्ललाही ओढून मध्ये घेतलं, त्याच्या डोक्यावर बिअर ओतली, "बोरकर! बोरकर!" असा गजर केला. श्रीधररावांनाही खांद्यावर घेणार होते, पण मी त्यांच्या पाठीची हमी द्यायला नकार दिला. प्रफुल्ल हसत होता. पण आपण गंमत झालो म्हणून हे ओरडताहेत, एवढं त्याला कळत होतं. थोड्या वेळानं तो हळूच बाहेर आला आणि माझ्या बाकाशेजारी बसून बाटल्या रिकाम्या करायला लागला.

"झालं ना ताई," तो म्हणाला. "सर्वांसमोर सांगून टाकलं. खेळत नाही म्हणून." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात डॅरन लंगडत आला. त्यांच्याकडे फिजिओ नव्हता, आणि सामना संपला की माझ्या बाकावर निळा-पिवळा भेद नसे. घोटा टम्म सुजला होता. मी बूट काढला, पाय मांडीवर घेतला, बर्फ लावला. मी राग गिळायला शिकलेली बाई नाही.

"काय रे," मी म्हटलं, "त्याच्या हातात बाटल्या होत्या. धडधडीत दिसत होत्या. तरी मोजायला लावलंस? की मुद्दाम?"

डॅरन चिडलेला होता, पण स्वतःवरच.

"बाटल्या मी पाहिल्याच नाहीत," तो म्हणाला. "खरं सांगतो, डॉक. मला दिसलं ते एवढंच, की बॉल कुठेही जाऊ दे, त्याच्या आधी एक माणूस तिथे पोचलेला असतो. दरवेळी तोच. मला वाटलं, नेव्हिलनं शेवटी एक ताजा गडी गुपचूप आत सोडला. म्हटलं, याला थांबवलं नाही तर आपण गेलो."

प्रफुल्लच्या हातातली बाटली तशीच राहिली. तो उठला, डॅरनसमोर येऊन उभा राहिला, आणि जरा अडखळत, पण फार अदबीनं त्यानं विचारलं, "एक्स्क्यूज मी. तुम्हाला मी कुठल्या पोझिशनचा वाटलो?"

डॅरननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विंग," तो म्हणाला. "दुसरं काय?"

विंग म्हणजे मैदानाची लांब कड. तिथे जोरावर नाही, फक्त पायांवर माणूस निवडतात.

"ताई," प्रफुल्ल माझ्याकडे वळून म्हणाला, जसं काही मला इंग्रजी येत नव्हतं, "विंग म्हणून राहिला तो!" आणि चष्मा काढून तो बिअरनं भिजलेल्या जम्परलाच पुसायला लागला. चष्मा होता त्याहून जास्त खराब झाला. डॅरननं माझ्याकडे पाहिलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "पाय हलवू नकोस."

महिनाअखेर प्रफुल्ल गेला. आता तो नागपूरला मोठा मॅनेजर आहे, पोट सुटलं आहे, फोनवर गुडघ्याची तक्रार करतो आणि मी सांगितलेले व्यायाम करत नाही. मध्यंतरी त्याची मुलगी फोनवर आली. "आजी, बाबा म्हणतात ते लंडनमध्ये विंगला होते. खरं का?"

मी शपथेवर सांगितलं, "खरं."